अ‍ॅपलाचियन ट्रेल सलग चालायचीय? सॅक नंतर घ्या, आधी सुट्टीचं बघा

दर हिवाळ्यात ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच, की आम्ही सह्याद्रीत भरपूर फिरलोय, रेंज ट्रेक झालेत, हिमालयातही एक-दोनदा जाऊन आलोय, आता अमेरिकेत आहोतच तर ती अ‍ॅपलाचियन ट्रेल एकदा सलग करून टाकावी म्हणतो, तर सॅक कुठली घेऊ? मी सॅकचं सोडून सुट्टी किती आहे ते विचारतो आणि समोरच्याला वाटतं हा टाळतोय.

आधी आकडे बघा म्हणजे कळेल. जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेनमधल्या कटाडिनपर्यंत १४ राज्यं, २१९० मैलांच्या थोडं वर, म्हणजे साधारण साडेतीन हजार किलोमीटर. बेंटन मकाय नावाच्या माणसाने १९२१ मध्ये ही कल्पना मांडली, १९३७ मध्ये वाट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जोडली गेली आणि १९४८ मध्ये अर्ल शेफरने ती एका मोसमात सलग चालून दाखवली. आज बहुतेकांना पाच ते सात महिने लागतात आणि निघालेल्या चारांतला साधारण एकच पोचतो. उरलेले तिघं काही कड्यावरून पडत नाहीत हो, कुणाची नडगी सुजते, कुणाचे पैसे संपतात, कुणी सलग आठ दिवसांच्या पावसाला वैतागतं, आणि बऱ्याच जणांना नुसता कंटाळा येतो. म्हणून पुढे जे लिहिलंय ते सगळं असल्या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींबद्दलच आहे, थरार हवा असेल तर व्हिडिओ ढिगाने पडलेत.

पहिलं काम: व्हिसा, नोकरी, इन्शुरन्स

हे आपल्या लोकांना गोऱ्या हायकरपेक्षा जास्त जड जातं आणि कुठल्याच इंग्रजी गाइडमध्ये नीट सापडत नाही. भारतातून टुरिस्ट व्हिसावर येणार असाल तर एंट्रीला सहसा सहा महिने मिळतात, किती द्यायचे ते विमानतळावरचा ऑफिसर ठरवतो. ट्रेलला पाच ते सात महिने, त्यात आधी खरेदीचे आणि नंतर परतीचे दिवस धरा. म्हणजे गणित कट टू कट बसतं, एक पाय मुरगळला की बिघडलं. एच-वन-बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असाल तर सहा महिने बिनपगारी रजा हा विषय मॅनेजरच्या आधी इमिग्रेशन वकिलाशी बोला, कारण मॅनेजर 'परत आलास की बघू' म्हणाला आणि तुम्ही नोकरीच सोडली तर हातात फक्त ६० दिवसांचा ग्रेस पीरियड असतो आणि तेवढ्यात तुम्ही अजून व्हर्जिनियातच असाल. ग्रीन कार्ड किंवा सिटिझनशिप असेल तर हा परिच्छेद सोडून द्या आणि नशिबाचे आभार माना.

इन्शुरन्स सगळ्यांनीच बघायचाय. रजेच्या काळात कंपनीचा चालू राहतो का, नसेल तर स्वतः पैसे भरून चालू ठेवता येतो का, हे एचआरकडून लेखी घ्या. एक्स-रे आणि टिक, म्हणजे गोचीड, चावल्यावरची ट्रीटमेंट या दोन्ही गोष्टी कुणालाही लागू शकतात आणि विनाइन्शुरन्स त्याचं बिल बघून चालायची इच्छाच उरत नाही. आणि आय-९४ (देशात आल्याची नोंद) ची प्रिंट किंवा ग्रीन कार्ड, जे काही तुमचं असेल ते, झिपलॉकमध्ये घालून कायम जवळ ठेवा. नागरिक नसलेल्या प्रौढांनी कागद जवळ बाळगायचा असा इथला कायदाच आहे, जंगलात असलात तरी.

पैशाचं म्हणाल तर महिन्याला हजार डॉलर हा जुना हिशोब झाला, आता त्याच्या बऱ्यापैकी वर धरा. जंगलात खर्च जवळपास शून्य असतो, सगळा पैसा गावात जातो, हॉस्टेलचा बेड, लाँड्री, पिझ्झा, 'अजून एक रात्र राहूया का' वगैरे. शिवाय चार-पाच जोड बूट लागतातच.

कधी आणि कुठून

बहुतेक जण मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत जॉर्जियातून उत्तरेकडे निघतात. सोबत भरपूर मिळते हा फायदा आणि गर्दी हाच तोटा, शेल्टर (वाटेवरचा मुक्कामाचा निवारा) भरलेलं, आजूबाजूला तंबूच तंबू, आणि एकाचं पोट बिघडलं की सगळ्यांचं बिघडतं. शेवटाला मुदत असते ती वेगळीच, कटाडिन ज्या बॅक्सटर स्टेट पार्कात आहे तिथला कॅम्पिंगचा मोसम १५ ऑक्टोबरला संपतो, त्यामुळे त्याच्या आत पोचायचं असंच धरून चाला. उलटं, मेनमधून दक्षिणेला, जूनमध्ये निघता येतं, पण मग ट्रेलमधला सगळ्यात अवघड भाग पहिल्याच महिन्यात आणि वर काळ्या माश्यांचा मोसम.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्याने फ्लिप-फ्लॉप करावं. म्हणजे एप्रिलअखेर किंवा मेमध्ये मध्यावर, हार्पर्स फेरीला सुरुवात करायची, उत्तरेला कटाडिनपर्यंत जायचं, मग गाडीने किंवा विमानाने परत हार्पर्स फेरीला येऊन दक्षिणेला स्प्रिंगरपर्यंत. सुरुवातीचा भाग सोपा, पायांना सवय व्हायला वेळ मिळतो, मुदतीचं टेन्शन जातं. 'पण मग शेवटी कटाडिनच्या पाटीपाशी फोटो नाही ना' असं म्हणणारे भेटतील, त्यांना सांगा फोटो मध्ये काढला.

कुठूनही निघा, अ‍ॅपलाचियन ट्रेल कॉन्झर्व्हन्सी या ट्रेल सांभाळणाऱ्या संस्थेच्या साइटवर निघायची तारीख नोंदवा. सक्तीचं नाहीये, पण कुठल्या दिवशी किती जण निघतायत ते दिसतं आणि गर्दीचे दिवस टाळता येतात. वाटेतल्या स्मोकी माउंटन नॅशनल पार्कसाठी परमिट आधी काढावं लागतं, ते फुकट नाही. २०२४ च्या सप्टेंबरमधल्या हेलीन वादळाने दक्षिणेकडच्या भागाची बरीच वाट लावली होती, त्यामुळे कुठे डायव्हर्जन आहेत ते निघायच्या आठवड्यात परत एकदा तपासा.

निघण्याआधी तीन रात्री बाहेर काढा, पावसात

न्यूजर्सी-न्यूयॉर्कच्या मंडळींना तर काही सबबच नाही. डेलावेअर वॉटर गॅप ते हाय पॉइंट हा चाळीसेक मैलांचा पट्टा तुमच्या एडिसनपासून गाडीने दीड-दोन तासांत, आणि न्यूयॉर्कवाल्यांसाठी पॉलिंगजवळ मेट्रो-नॉर्थचं चक्क 'अ‍ॅपलाचियन ट्रेल' नावाचं स्टेशन आहे, शनिवार-रविवारी गाडी थांबते, उतरलं की समोर वाट. पूर्ण सामान घेऊन जा, आणि हवामानात पाऊस दाखवत असेल तर रद्द करू नका, उलट मुद्दाम तेव्हाच जा. तंबू ओल्यात उभा करता येतो का, काडी पेटते का, रात्री दोनला उठून बाहेर जायचं तर हेडटॉर्च हाताला लागतो का, हे घरच्या हॉलमध्ये कळत नाही.

सामान

आता आली सॅक. ५० ते ६० लिटरची पुरते. अन्न, पाणी, गॅस सोडून बाकी सगळ्याचं वजन सात किलोच्या आत आणायचा प्रयत्न करा, साडेचारला आणणारेही असतात, पण टूथब्रशची दांडी कापणाऱ्या लोकांच्या फार नादी लागू नका. जॉर्जियात ३१ व्या मैलावर नील गॅपला एक दुकान आहे, ट्रेल त्याच्या इमारतीमधूनच जाते, तिथे दरवर्षी लोक सॅक उघडून सामान निवडायला बसतात, कुऱ्हाडी, कढया, जाड पुस्तकं सगळं तिथून घरी पोस्टाने जातं. त्या बाहेरच्या झाडावर लटकलेले बूट बघून घ्या.

मार्च-एप्रिलमध्ये निघणार असाल तर थंडीला हलकं घेऊ नका. लोकांना वाटतं जॉर्जिया म्हणजे उकाडा. ट्रेलवरचं सगळ्यात उंच ठिकाण स्मोकीमधलं कुवोही, ६६४३ फूट, आपल्या कळसूबाईपेक्षा बाराशे फूट उंच, आणि तिथे एप्रिलमध्येही बर्फ पडतो. शून्याखाली सात अंशांपर्यंत टिकणारी स्लीपिंग बॅग, एक पफी जॅकेट, रेनकोट, इतकं हवंच.

बूट जाड लेदरचे नकोत. ट्रेल रनर, म्हणजे डोंगरात पळायचे हलके बूट घ्या, नेहमीपेक्षा अर्धा ते एक साइझ मोठे, कारण महिन्याभरात पाऊल पसरतं आणि ते बहुतेक परत आत येत नाही. एक जोड साधारण ३०० ते ५०० मैल चालतो. सगळे जोड आधी घेऊन ठेवू नका, दुसरा जोड पायाचं माप बदलल्यावरच घ्या.

आणि एक कोरडा जोड, मोजे आणि आतले कपडे, फक्त झोपण्यासाठी. हे वाचायला सोपं आहे. सकाळी साडेसहाला, बाहेर धो धो चालू असताना, रात्रभर दोरीवर लटकूनही न सुकलेले कालचे मोजे पिळायचे, त्यातून मातकट पाणी निघतं, आणि ते तसेच गार पायात चढवायचे, कोरडे मोजे दोन हातांवर पिशवीत दिसत असताना. तेव्हा मोह होतो. एकदा घातले की दोन्ही जोड ओले आणि रात्री झोप गेली. थंडीत हे जिवावर बेतू शकतं, नुसती गैरसोय नाही.

हे सगळं वाचून दडपण आलं असेल तर एमा गेटवुड लक्षात ठेवा. १९५५ साली वयाच्या ६७ व्या वर्षी, अकरा मुलांची आई, पायात साधे कॅनव्हासचे बूट, खांद्यावर घरी शिवलेली डेनिमची पिशवी, पावसासाठी शॉवरचा पडदा, आणि पूर्ण ट्रेल एकटीने केली.

खाणं, विशेषतः शाकाहारी असाल तर

रोज चार हजार कॅलरीच्या वर लागतात आणि तेवढं पाठीवर घेता येत नाही, त्यामुळे वजन उतरणारच. दिवसाला ७०० ते ९०० ग्रॅम अन्न धरा, आणि ते असं निवडा की १०० ग्रॅममध्ये चारशेच्या वर कॅलरी मिळाल्या पाहिजेत. इथे आपलं खाणं कामाला येतं बरं का. शेंगदाण्याचे लाडू, चिवडा, सुकं खोबरं-लसणाची चटणी, साजूक तूप, हे सगळं या हिशोबात फर्स्टक्लास बसतं. इन्स्टंट भात, त्यावर मेतकूट आणि दोन चमचे तूप, पाच मिनिटांत तयार, आणि शेल्टरमधले सगळे वास कुठून येतोय बघायला वळतात. तयार उपमा-पोह्यांची पाकिटंही चालतात, पाणी उकळा, झाका, झालं. पोळीची जागा टॉर्टिया घेतो, तो चेपला तरी मोडत नाही. कुकर, फोडणी, ताजा कांदा हे डोक्यातून काढा.

शाकाहारींनी दुकानात पाकिटं उलटून वाचायची. रामेनच्या मसाल्यात बऱ्याचदा चिकन किंवा बीफ पावडर असते, भाताच्या तयार पाकिटांतही तेच, मार्शमेलोत जिलेटिन, आणि बीन्समध्येसुद्धा काही वेळा डुकराची चरबी निघते. रस्त्यातल्या लहान गावात पेट्रोल पंपाच्या दुकानाशिवाय काही नसतं, तिथे शाकाहारी म्हणजे चीज, पीनट बटर आणि चिप्स. म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी घरून एक खोका पाठवायची सोय करा. पोस्ट ऑफिसला स्वतःच्या नावाने 'जनरल डिलिव्हरी' लिहून पाठवता येतो, सोडवायला आयडी लागतं. मात्र लहान गावातलं पोस्ट शनिवारी दुपारी बंद होतं ते थेट सोमवारी उघडतं, शनिवारी संध्याकाळी पोचलात तर दोन दिवस हॉस्टेलचं भाडं भरत लाडवांची वाट बघायची. सहा महिन्यांचं सगळं जेवण आधीच करून खोके भरून ठेवू नका. मे महिन्यापर्यंत त्याच उपम्याकडे बघवणार नाही.

पहिला महिना हळू

ज्यांना ट्रेकिंगची सवय आहे त्यांच्याच बाबतीत हे जास्त होतं. वीकेंडला दोन दिवसांत दणकून चालायचं आणि मग पाच दिवस ऑफिसात पाय पसरून बसायचं, अशी आपल्या शरीराला सवय. इथे सातव्या दिवसानंतर आठवा दिवस येतो. पहिले दोन आठवडे रोज आठ ते दहा मैल, बास. दम पहिल्या पंधरवड्यात सुधारतो, पण गुडघ्याचे आणि घोट्याचे स्नायुबंध तेवढ्यात तयार होत नाहीत, आणि नेमकं तेव्हाच तरुण पोरं वीस मैल मारायला लागतात. नडगी दुखायला लागली की त्याच दिवशी थांबा, एक दिवस बसल्याने जे भागतं त्यालाच नंतर तीन आठवडे लागतात. पाय गरम लागला की फोड यायच्या आधी टेप. उतारावर काठ्या वापरा.

रस्ता चुकायची भीती फार बाळगू नका, दोन बाय सहा इंचांचे पांढरे पट्टे झाडांवर रंगवलेले असतात, एकावर एक दोन दिसले की वळण किंवा लक्ष द्यायची जागा. निळा पट्टा म्हणजे आडवाट, पाण्याकडे किंवा शेल्टरकडे. फोनवर फारआउट अ‍ॅप ठेवा, कुठला झरा आटलाय हे आधीच्या लोकांनी त्यात लिहिलेलं असतं, पेन्सिल्व्हेनियात उन्हाळ्यात ते फार उपयोगी पडतं.

पाणी, संडास, टिक, अस्वलं

पाणी कायम फिल्टर करा, कितीही नितळ दिसलं तरी. साध्या पोकळ धाग्यांच्या फिल्टरचं एक लक्षात ठेवा, एकदा गोठला की आतून फुटतो आणि बाहेरून काहीच कळत नाही, म्हणून थंडीच्या रात्री तो स्लीपिंग बॅगमध्ये तुमच्याबरोबर झोपणार. जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरस दर मोसमात शेल्टरमधून फिरतो आणि त्यावर सॅनिटायझर चालत नाही, साबण आणि पाणीच लागतं. कुणी चिवड्याच्या पिशवीत हात घालायला लागलं तर तळहातावर ओतून द्या.

संडासासाठी पाण्यापासून, वाटेपासून २०० फूट लांब, सहा ते आठ इंच खोल खड्डा. आपली पाण्याची सवय इथे उपयोगी, बाटलीच्या झाकणाला भोक पाडलं की काम होतं आणि कागदाचा कचरा वाहायला लागत नाही. बायकांसाठी मेन्स्ट्रुअल कप सोपा पडतो, नाहीतर वापरलेली पॅड्स पुढच्या गावापर्यंत सोबत न्यावी लागतात, पुरायची नाहीत.

लोक विचारतात अस्वलाचं, पण टिक जास्त वाईट. खसखशीएवढी असते, गुडघ्यामागे, काखेत, कमरपट्ट्याखाली बसते आणि लाइम डिसीज देते. कपड्यांना पर्मेथ्रिन हे कीटकनाशक मारून घ्या, रोज संध्याकाळी अंग तपासा, आणि ताप, अंगदुखी, सांधे धरणं असं काही झालं तर गोल चट्टा उठायची वाट न बघता डॉक्टरकडे जा, तो चट्टा प्रत्येकाला उठतोच असं नाही. काळं अस्वल माणसापेक्षा तुमच्या लाडवांच्या मागे असतं. सगळं खाणं, टूथपेस्टसकट, बेअर कॅनिस्टरमध्ये, म्हणजे अस्वलाला उघडता न येणाऱ्या डब्यात, आणि तंबूपासून लांब. जड आहे, बसायला स्टूल म्हणून वापरा. जॉर्जियातल्या ब्लड माउंटनच्या पट्ट्यात वसंतात मुक्काम करायचा तर तो सक्तीचाच आहे.

गावं, माणसं, कंटाळा

तीन-पाच दिवसांनी एखादं गाव येतं. रस्त्याला लागल्यावर लिफ्ट मागायची पद्धत आहे, पण काही राज्यांत ती कायद्यात बसत नाही, हॉस्टेलवाल्यांची शटल असते ती घ्या, विशेषतः एकटे असाल तर. ट्रेलवर कुठेतरी वळणावर अनोळखी माणूस गाडीची डिकी उघडून थंड कोक आणि केळी वाटत उभा असतो, त्याला ट्रेल मॅजिक म्हणतात. वारीत गावोगावचे लोक वारकऱ्यांना हाताला धरून जेवायला बसवतात ना, तोच प्रकार, संकोच करू नका, पण त्याच्या भरवशावर जेवण कमीही घेऊ नका. तिथे कुणी खरं नाव वापरत नाही, लोक तुम्हाला एक ट्रेलनेम देतात. ते 'चाय' किंवा 'करी' असंच काहीतरी असायची दाट शक्यता आहे, आवडलं नाही तर सरळ नाही म्हणा आणि स्वतःच एखादं सांगा.

व्हर्जिनिया साडेपाचशे मैल आहे, सगळ्या ट्रेलचा चौथा हिस्सा. नवलाई संपलेली, झाडीच्या बोगद्यातून रोज तेच हिरवं, दमट हवा, घरी फोन लावला की पलीकडे गणपतीची नाहीतर कुणाच्या लग्नाची तयारी. इथे बरेच जण गळतात आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण तो निर्णय ओल्या तंबूत उपाशीपोटी घेऊ नका, गावात जा, दोन वेळा पोटभर जेवा, मग ठरवा. ऑडिओबुकं डाउनलोड करून ठेवा. मध्याच्या आसपास, पेन्सिल्व्हेनियात पाइन ग्रोव्ह फर्नेसपाशी अर्धा गॅलन, म्हणजे जवळजवळ दोन लिटर आइस्क्रीम एका बैठकीत संपवायची जुनी प्रथा आहे, ती अनेकांना तिथवर खेचून नेते. पुढे त्याच राज्यात उत्तरेला नुसते दगड, टोकदार, हलणारे, बुटांचा जीव घेणारे.

उत्तरेकडचा शेवट

न्यू हॅम्पशायर आणि मेन हे बाकीच्या ट्रेलसारखे नाहीत. आधी रोज वीस मैल होत असतील तर इथे दहा-बाराच धरा आणि जेवण त्या हिशोबाने जास्त घ्या. व्हाइट माउंटनमध्ये मोठमोठे पट्टे झाडांच्या रेषेच्या वर, उघड्यावर आहेत. माउंट वॉशिंग्टनवर १९३४ मध्ये ताशी २३१ मैल वारा मोजला गेलाय, तेव्हा हवामान खराब सांगितलं असेल तर खाली गावात बसून राहा, थंडीचे कपडे इथे येण्याआधी पोस्टाने परत मागवून घ्या. मेनमध्ये महूसक नॉच म्हणून एक मैल आहे, घराएवढ्या दगडांखालून-वरून सरपटत जायचं, सॅक काढून पुढे ढकलायची, दोन-तीन तास सहज जातात. केनेबेक नदी चालत ओलांडायची नाही, वरच्या धरणाचं पाणी कधीही सुटतं, होडीवाला येतो त्याची वेळ बघून जा, त्या होडीच्या तळाशीही पांढरा पट्टा रंगवलेला आहे.

मॉन्सन गाव सोडलं की शंभर मैलांचं रान, सुरुवातीलाच पाटी असते की दहा दिवसांचं खाणं घ्या. पाच-सात दिवसांतही होतं, ते तुमच्या तेव्हाच्या वेगावर. बॅक्सटर पार्कात हायकर परमिट लागतं, कुत्रा आत नेता येत नाही, आणि रेंजर सांगतील ते ऐकायचं. कटाडिनवर ढग, वारा असेल तर पार्क वर जायची वाट बंदही ठेवतं, त्यामुळे दोन दिवस हातात राखून ठेवा, मिलिनॉकेट गावात राहायला हॉस्टेल आहेत. तिथून शटलने बस गाठायची, बसने बँगोर, बँगोरहून बॉस्टन. विमानाचं तिकीट मात्र डोंगर उतरून खाली आल्यावरच काढा, आणि व्हिसाचे दिवस मोजताना हे दोन दिवस धरायला विसरू नका.